केमोनंतरचा दहावा दिवस: घरी काय सांभाळायचं आणि कधी धावायचं

केमोच्या दिवशी सगळं घर कामाला लागलेलं असतं. फाइल, जुने रिपोर्ट, डबा, सोबत कोण जाणार, परतीची गाडी कोणती. सलाईन संपतं, रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, रात्री थोडा वरणभातही खातो आणि सगळ्यांना वाटतं, या वेळची पार पडली. नर्सची मोजणी मात्र इथूनच सुरू होते. केमोचे बहुतेक त्रास औषध चालू असताना होत नाहीत. ते नंतर, घरी, आणि बऱ्यापैकी ठरलेल्या दिवशी येतात.

दर तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या केमोचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत मळमळ आणि उलट्या. आठवडा होत आला की तोंड येतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसू लागतात. एकविसाव्या दिवसापर्यंत पेशी सावरतात आणि पुढच्या केमोची तारीख येते. दर आठवड्याच्या केमोचं किंवा गोळ्यांचं गणित वेगळं असतं, त्यामुळे आपल्या औषधाचं वेळापत्रक डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांकडून लिहून घ्यावं. मोठ्या रुग्णालयात डॉक्टर मिनिटभर भेटतात. हे सगळं समजावून सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्सच असते.

हे त्रास होतात कशामुळे? केमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण हाडांतली मज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं इथल्या पेशीही तशाच. मज्जेत रक्त तयार होतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, रक्त थांबवायला मदत करणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर. नवा माल येणं थांबलं की सगळ्यात आधी न्यूट्रोफिल संपणार, हे उघड आहे. म्हणून अशक्तपणा हळूहळू वाढत जातो आणि जंतुसंसर्ग मात्र दहाव्या दिवशी अचानक दार ठोठावतो.

ताप

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ती तातडीची वेळ आहे. रात्रीचे दोन वाजलेले असोत, घरात पाहुणे असोत, रुग्ण ‘मला काही होत नाहीये’ म्हणत असो, तरीही.

कारण असं की ज्या खुणांवरून आपण एरवी संसर्ग ओळखतो, त्यातल्या बऱ्याच खुणा पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. जखम लाल होते, सुजते, पू होतो, छातीत कफ भरतो. पेशीच नसतील तर पू कुठून होणार? अशा रुग्णाच्या न्यूमोनियात सुरुवातीला एक्स-रेही जवळपास स्वच्छ दिसू शकतो. ताप ही एकच खूण उरते. जंतूही बहुधा बाहेरचे नसतात. सोललेल्या आतड्यातून किंवा कातडीवरून आपलेच जंतू रक्तात शिरतात. एकदा शिरले की काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून असा रुग्ण कॅज्युअल्टीत आल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हे जगभर धरलेलं माप आहे. रिपोर्ट हाती येईपर्यंत थांबायचं नसतं. नर्स आधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते तपासण्यासाठी, रक्त काढते आणि लगेच पहिला डोस लावते.

वॉर्डातल्या फोनवर होणारं बोलणं बहुतेक वेळा असं असतं:

‘सिस्टर, आमच्या आईंना कणकण आहे.’

‘किती आहे ताप?’

‘हाताला गरम लागतंय. मी क्रोसिन दिली, आता घाम येऊन उतरलाय.’

‘केमो कधी झाली?’

‘मागच्या सोमवारी.’

‘म्हणजे आज नववा दिवस. उतरला असला तरी निघा. वाटेत फोन करते, तोवर फाइल काढून ठेवा.’

फोनवरच्या या सुनेचं काही चुकलं असं नाही. आपल्याकडे ताप आला की पॅरासिटामॉल हा शिरस्ताच आहे. पण इथे गोळीने आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात आणि हातातली एकमेव खूण नाहीशी होते. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, आणि गोळी विचारल्यावरच. उलटी थांबवायला दिलेल्या स्टेरॉइडमुळेही ताप दबतो, आणि वयस्कर माणसात तो कधी येतच नाही. थंडी वाजून अंग थरथरणं, गुंगी, विसंगत बोलणं, लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काही दिसलं तर आकडा ९८ असला तरी निघायचं.

थर्मामीटर डिजिटल घ्यावा, मेडिकलमध्ये सहज मिळतो. जिभेखाली लावायचा असेल तर चहा-पाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबावं. तोंड आलं असेल तर काखेत लावावा. काखेतला आकडा थोडा कमी येतो, म्हणून फोनवर कुठे लावला तेही सांगावं. गुदद्वारात थर्मामीटर, बत्ती, एनिमा यांतलं काहीही या दिवसांत नको. तिथली नाजूक त्वचा जराशी खरचटली तरी जंतूंना वाट मिळते.

रक्ताचा रिपोर्ट घरच्यांनाही वाचता येतो. एकूण पांढऱ्या पेशी समजा १,८०० आहेत आणि त्यात न्यूट्रोफिल २५ टक्के. अठराशेचे पंचवीस टक्के म्हणजे ४५०. हा खरा आकडा. तो ५०० च्या खाली गेला की धोका बराच वाढतो, १०० च्या खाली गेला तर फारच. अनेक जण नुसती एकूण संख्या बघून ‘पेशी बऱ्या आहेत’ म्हणतात, आणि तिथेच फसगत होते.

आता महाराष्ट्रातली खरी अडचण. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, त्याची शाखा खारघरला आहे. आता जिल्ह्याच्या गावांतही केमो मिळू लागली आहे. तरी हजारो रुग्ण केमो घेऊन एसटीने किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटरवरच्या गावी परततात. नववा-दहावा दिवस उजाडतो तो नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात, जिथे डॉक्टर म्हणजे एक खाजगी दवाखाना आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या डॉक्टरांना रुग्ण नवा असतो, त्यांच्या डोळ्यांपुढे साधा व्हायरल ताप येतो आणि सुई टोचून माणूस घरी जातो. यावर एक साधा तोडगा आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं: केमो चालू आहे, औषधांची नावं ही, शेवटची केमो या तारखेला, शेवटचा काउंट (रक्तातल्या पेशींचा आकडा) इतका, मूळ रुग्णालयाचा फोन हा, ताप आल्यास तातडीने कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक. मुंबईला निघायचा हट्ट धरू नये. पहिला डोस जवळच्या जिल्हा रुग्णालयात मिळाला की मग पुढे नेण्याचा विचार करता येतो. आणि खिडकीवर ‘ताप आहे’ म्हणण्याआधी ‘केमो चालू आहे’ म्हणायचं. रांग तिथेच तुटते.

काही रुग्णांना पेशी वाढवण्यासाठी पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन लिहून देतात. ते केमो संपल्यापासून निदान २४ तासांनी सुरू करतात. ते फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायचं. प्रवासात बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवलं तर ते गोठतं आणि वाया जातं. या इंजेक्शनने कंबर-पाठ ठणकते, कारण मज्जा कामाला लागलेली असते. घाबरायचं कारण नाही, पण दुखण्यावर कोणती गोळी घ्यायची ते विचारून घ्यावं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढवतात. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, ही प्लेटलेट घसरल्याची लक्षणं. दाढीचं ब्लेड काही दिवस बाजूला ठेवलेलं बरं.

रुग्णाला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नसते. घरच्यांनी साबणाने हात धुणं याला तोड नाही. खरा प्रश्न भेटायला येणाऱ्यांचा. आजाऱ्याला भेटायला गेलंच पाहिजे, ही आपली रीत चांगली आहे, पण सर्दी-खोकला घेऊन, लहान मुलांना सोबत आणून, पलंगावर टेकून तासभर बसणारे काका त्या आठवड्यात नकोत. हे सांगायचं कुणी, यावरून घरात वाद होतात. सरळ सिस्टरांच्या नावावर खपवावं. आमच्या नर्सने मनाई केली आहे म्हटलं की कुणी रागावत नाही.

पथ्याचा अतिरेक

केमोपेक्षा पथ्याने माणूस खंगतो, असं मी म्हटलं तर अनेकांना राग येईल, पण वजनकाटा तेच सांगतो. आंबट नको, दही नको, भात नको, अंडं उष्ण, साखर म्हणजे कॅन्सरला खाद्य. उरतं काय? मुगाचं पाणी. त्यावर मज्जा नव्या पेशी कशा तयार करणार? पूर्वी पेशी कमी असलेल्यांना कच्चं काहीच न देण्याचा कडक नियम असे. पुढच्या अभ्यासांत त्याने संसर्ग कमी होतो असं दिसलं नाही. स्वच्छतेचा नियम मात्र पक्का आहे. घरी धुऊन, सोलून कापलेलं फळ चालतं. गाडीवरची कापलेली पपई, उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी, कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत. ताजं, गरम, शिजलेलं खावं. अंडं पूर्ण उकडलेलं, डाळ घट्ट, शेंगदाण्याची चटणी, पनीर, चालत असेल तर मासे. दोन वेळच्या ताटाऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं.

काढ्यांबद्दल. गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. केमोची अनेक औषधं यकृतातूनच निचरतात. म्हणून कुणी दिलेली पुडी घेत असाल तर ती लपवू नका. सिस्टर ओरडतील या भीतीने लोक सांगत नाहीत आणि मग यकृताचे आकडे का वाढले याचा शोध उगाच लांबतो.

तोंड

आपल्याकडे तंबाखू, विदर्भातला खर्रा, बायकांच्या हातची मिश्री यांमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर. ऑपरेशननंतर बहुतेकांना सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन घ्यावं लागतं. पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्यापासून तोंडाची आतली कातडी सोलते, थुंकी तारेसारखी घट्ट होते, गिळणं नकोसं होतं. रेडिएशन संपल्यावरही दोन-तीन आठवडे हे चालू राहतं. शेवटच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घराला हे आधी सांगितलेलं नसेल तर ते हबकून जातं.

या तोंडाची निगा म्हणजे कंटाळवाणं, न चुकता करायचं काम. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. या पाण्याने दर दोन-तीन तासांनी, खाल्ल्यावर आणि झोपताना गुळण्या. पाणी रोज नवं करायचं. मुलांचा मऊ ब्रश. दारू असलेले माउथवॉश, तुरटी, लवंगतेल बंद. त्यांनी आग होते. पांढरे, दह्याच्या साईसारखे चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी असते, तिच्यावर वेगळं औषध लागतं. दुखण्यामुळे जेवण तुटत असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक घ्यायचं, नंतर नव्हे. किडलेले दात रेडिएशनच्या आधीच दाखवून काढून घ्यावे लागतात, कारण नंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. तोंड उघडणं आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा व्यायाम असतो. आठवड्याला एखादी काडी वाढली तर ती मोठी कमाई.

गिळता येत नाही तेव्हा नाकातून पोटात नळी घालतात. घरचे तिला फार घाबरतात आणि दोन दिवसांत तरबेजही होतात. प्रत्येक वेळी नळीवरची खूण नाकपुडीशी जागेवर आहे ना, हे पाहायचं. रुग्णाला टेकवून बसवायचं. दूध, डाळ, नाचणीची पेज गाळून, कोमट करून, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायची. दट्ट्याने ढकलायची नाही. मग पाण्याने नळी धुवायची, आणि रुग्णाने निदान अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. देताना खोकला आला, ओठ निळसर झाले, तर तिथल्या तिथे थांबायचं.

गळ्यावरच्या रेडिएशनच्या भागावर हळद, चंदन, पावडर, बाम काहीही लावू नये. शर्टाची कॉलर घासणार नाही असे सैल सुती कपडे घालावेत. कातडीवर काढलेल्या रेघा चोळून पुसू नयेत, त्या रेघांवर मशीनचा नेम असतो.

सुई आणि शीर

काही औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. (त्यानंतर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं.) सलाईन चालू असताना सुईपाशी चुरचुरलं, फुगलं, तर ‘थोडं सहन करतो’ म्हणू नका, ओरडा. नर्स औषध थांबवते, पण सुई लगेच काढत नाही. त्याच सुईतून सांडलेलं औषध जमेल तेवढं मागे ओढते, मग सुई काढून सुजेभोवती पेनाने कड आखते. डॉक्सोरुबिसिन असेल तर थंड शेक, व्हिनक्रिस्टीन असेल तर गरम. दोन्ही औषधं जाळणारी, शेक मात्र उलटे. घरी अंदाजाने शेकू नये, ते यासाठी.

व्हिनक्रिस्टीनबद्दल आणखी एक. हे औषध शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जवळपास नेहमी जीव जातो. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिला. दोन सिस्टर पलंगाशी उभ्या राहून नाव, औषध, मात्रा, मार्ग मोठ्याने वाचतात आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा नाव विचारतात, ते उगाच नाही.

हाताच्या शिरा टिकाव्यात म्हणून दंडातून लांब नळी किंवा छातीवर कातडीखाली पोर्ट बसवतात. दंडाच्या नळीचं ड्रेसिंग आठवड्याला बदलतात. ते भिजू द्यायचं नाही, त्या हाताने पाण्याची बादली उचलायची नाही. नळी धुतल्यानंतर थंडी वाजून ताप आला तर संशय नळीवरच घ्यायचा.

उलट्या, थंड पाणी, तळहात

उलटी सुरू झाल्यावर गोळी शोधणं म्हणजे उशीर. गोळ्या ठरलेल्या वेळी, मळमळ नसली तरी घ्यायच्या, खास करून दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. यात ओलान्झापिन फार उपयोगी आहे, पण त्याने माणूस दिवसभर पेंगतो. टाटा रुग्णालयातल्या चाचणीत १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमने उलट्या तितक्याच आवरल्या आणि झोप कमी आली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा फार पेंगत असाल तर गोळी स्वतःहून बंद न करता मात्रेबद्दल विचारा. उलटीवरच्याच ओन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो. मॉर्फिनच्या गोळीने तर होतोच, म्हणून तिच्यासोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध असतं. ते ‘फालतू’ समजून वगळू नये.

आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लॅटिन मिळालं असेल तर काही दिवस फ्रीजला हात लावायचा नाही. थंड पाण्याचा घोट घेतला की घशात आवळल्यासारखं होतं, श्वास अडकल्याचा भास होतो, बोटांना मुंग्या येतात. माठातलंही नको, कोमटच प्यावं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. सैल चप्पल, जाडसर क्रीम, गरम भांडी आणि कपडे पिळणं टाळणं. फोड आले तर पुढची गोळी घेण्याआधी फोन.

जुलाब दिवसाला नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त होऊ लागले की थांबू नये. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) घेणाऱ्यांनी तर जुलाब बंद करायची गोळी स्वतःहून घेऊच नये, कारण ती आतड्याची सूज असू शकते आणि तिचा इलाज वेगळा.

केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटीतून औषध बाहेर पडतं. फ्लश दोनदा, झाकण लावून. भरलेली चादर हातमोजे घालून वेगळी धुवावी. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर हे काम तिच्याकडे नको. एकत्र जेवायला, शेजारी बसायला, नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही.

पुढच्या तारखेला जाताना एक वही न्यावी: रोजचं वजन नको, आठवड्याचं पुरे, ताप कोणत्या दिवशी किती, उलट्या किती, तोंड कधी आलं. त्या वहीवरून मात्रा बदलते, इंजेक्शनं वाढतात, गोळ्या बदलतात. काउंट कमी म्हणून केमो आठवडाभर पुढे गेली तर घरात सुतकी चेहरे होतात. हे नेहमीच घडतं. तो आठवडा नीट जेवायचा, चालायचा आणि पुन्हा रक्त तपासायचा असतो.